नाताळ, बंद आणि बोंबील

अनंत चतुर्दशीच्या रात्री मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात. मध्यरात्र उलटून गेली तरी गाड्या धावत असतात आणि त्यांतही बसायला मिळत नाही. सणाच्या दिवशी शहराने जागं राहायचं, गाड्यांनी जास्त धावायचं आणि माणसांनी एकमेकांच्या पायांवर पाय देत रस्त्यावर असायचं, हा गिरगाव-लालबागचा मूळ सिद्धांत. त्यावर पोसलेल्या माणसाला सांगून बघा, की जगातल्या एका अवाढव्य शहरात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणाला एकही लोकल, एकही बस सुटत नाही. तो आधी विचारील, "बंद कुणी पुकारलाय?"

लंडनमध्ये 25 डिसेंबरला असा बंद असतो. भुयारी रेल्वे बंद, बस बंद, ट्राम बंद, बाहेरगावच्या गाड्याही जवळपास सगळ्या बंद. कुठल्याच पक्षाने पुकारलेला नसतो, म्हणून कडकडीत पाळला जातो. आमच्याकडच्या बंदमध्ये एक माणुसकी असते. शटर अर्धं खाली, आत मिणमिणता दिवा, आणि वाकून "शेठ, अर्धा लिटर आहे का?" असं विचारलं की हळूच पिशवी बाहेर येते. लंडनच्या बंदमध्ये वाकून विचारायला अर्धं शटरही नाही.

मी ठाकूरद्वारचा, बायको लालबागची. कंपनीने आम्हाला तिकडे धाडलं ते गणपती आटोपल्यावर. तेवढी जाण कंपनीला होती. घर मिळालं किलबर्नमध्ये. जुनं तीन मजली घर, त्याचे तुकडे पाडून केलेले फ्लॅट, त्यातला मधला तुकडा आमचा. नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायचा विचार आम्हीही केला होता. विमानाच्या तिकिटाचा आकडा बघून तो मागे घेतला. लंडनमधली जुनी मराठी मंडळी मात्र डिसेंबरात जातातच, आणि सगळी दादरला जमतात. आमच्या फोनवर रोज 'प्रकाश'मधल्या साबुदाणा वड्याचे आणि पियूषच्या पेल्यांचे फोटो येत, खाली 'मिसिंग लंडन' असं लिहिलेलं. तोंडात वडा असताना माणसाने इतकं खोटं बोलू नये.

इकडे ऑक्टोबर संपतो न संपतो तोच ऑफिसात एक प्रश्न सुरू होतो : ख्रिसमसला काय करताय? मी वाट पाहत होतो की कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन येईल. कुणी आलं नाही. जो सण वर्गणी मागत नाही तो आपल्याला बोलावतही नाही, हे गिरगावच्या पोराला उपजत कळतं. ज्याला विचारावं तो सांगे, "आम्ही घरीच." कुणी आईवडिलांच्या घरी, कुणी बहिणीच्या, कुणी सासरी, आणि सगळे दार लावून. मग मला विचारत, "तुम्ही?" मीही सांगे, "घरीच." त्यांच्या घरात आजीच्या लग्नातल्या काचेच्या थाळ्या होत्या. आमच्या घरात पाच आठवड्यांच्या भाड्याचं डिपॉझिट होतं.

मुलाच्या शाळेत तेवढा सण आपणहून आला. तिथल्या प्राथमिक शाळांत डिसेंबरात येशूजन्माचं नाटक बसवतात. पाठांतरवाले जोसेफ आणि मेरी होतात, गोऱ्यागोमट्या मुली देवदूत, बाकीच्यांची मेंढरं. आमचा चिरंजीव वर्गात नवा आणि दिसायला पूर्वेकडचा, म्हणून भेटी घेऊन पूर्वेकडून येणाऱ्या तिघा राजांतला एक राजा त्याला केलं. डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर बायकोची जरीची ओढणी. आम्ही लगेच सासूबाईंना फोन लावला. त्या लालबागच्या मार्केटमध्ये उभ्या होत्या.

"आई, तुमचा नातू राजा झालाय नाटकात!"

"कुठला?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडचाच ना?"

आमच्या घरी डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष. गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडायचा आणि महिनाभर मांस-मच्छीला हात लावायचा नाही. दादरच्या फुलबाजारात त्या दिवसांत घटाला लागणाऱ्या पाच पानांच्या जुड्या बांधूनच ठेवलेल्या असतात. पैसे द्या, जुडी पिशवीत टाका आणि गर्दीतून अंग सोडवून घरी या. किलबर्नमध्ये पानंच नव्हती. पानांचा तुटवडा होता असं नव्हे, झाडांवरच नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते खराटे उभे. हिरवं म्हणून जे उरतं ते हॉली आणि आयव्ही, आणि त्यातलं हॉली काटेरी. बायकोने कुंपणावरची आयव्ही घेतली, बागेतलं हॉली घेतलं, सुपरमार्केटमधून तमालपत्राची ताजी पानं, पुदिना आणि तुळशीची म्हणून एक इटालियन बहीण आणली, आणि घट सजवला. देवीकडून काही तक्रार आली नाही.

तक्रार आली ती ऑफिसच्या नाताळच्या जेवणात. समोर टर्कीचं ताट आलं, मी ते बाजूला सरकवलं. शेजारच्याने आपुलकीने विचारलं, "शाकाहारी का तुम्ही?"

"या महिन्यापुरता."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"अमावास्येपर्यंत."

त्याने खुर्ची जराशी पलीकडे ओढून घेतली.

अमावास्येनंतरची सोय मात्र मुंबई सोडतानाच झालेली होती. बाहेरून ब्रिटनमध्ये येताना दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे पेढा गेला, बर्फी गेली, साजूक तूप गेलं. मासळीला परवानगी आहे. माणशी 20 किलोपर्यंत, सुकवलेलीही चालते. आणि एकच मासा असेल तर तो 20 किलोच्या वर गेला तरी हरकत नाही. हा नियम ज्या साहेबाने लिहिला त्याचं मूळ गाव मालवणच्या आसपास कुठेतरी निघेल. सासूबाईंनी नियम मला दोनदा वाचायला लावला आणि सरळ बोंबील बांधायला घेतले. याच बोंबलावर 1990च्या दशकात युरोपीय आयोगाने बंदी आणली होती, आणि ती उठावी म्हणून इंग्लंडातच 'सेव्ह बॉम्बे डक' अशी मोहीम चालली. बोंबलासाठी साहेब भांडला! लालबागला हे वेळेत कळलं असतं तर त्या मोहिमेच्या पुढाऱ्याला रांग न लावता दर्शन मिळालं असतं.

थंडीबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण आईचा फोन रोज यायचा. ती गिरगावच्या गॅलरीत शाल गुंडाळून, कानटोपी घालून बसलेली. "आज फारच गारठा आहे रे." तिच्या मागच्या भिंतीवर पंखा गरगर फिरत होता. 22 जानेवारी 1962 रोजी मुंबईत पारा 7.4 अंशांवर उतरला होता आणि तो विक्रम अजून सांगितला जातो. किलबर्नमध्ये इतकं तापमान असलं की शेजारचा मनुष्य जाकिटाची चेन उघडून फिरतो. आईचा पुढचा प्रश्न ठरलेला : "बर्फ पडला का?" तिकडच्या हवामान खात्याच्या हिशेबाने 25 डिसेंबरला बर्फाचा एक कण जरी पडताना दिसला तरी 'व्हाइट ख्रिसमस' साजरा झाला असं धरतात, आणि त्या एका कणावर लोक पैसे लावतात. आम्हाला तो कणही दिसला नाही. दिसायची ती बुरबुर, जिला मुंबईकर पाऊस म्हणायला तयार होणार नाही पण जिच्यात तो पूर्ण भिजतो. आणि चारच्या आत सूर्यास्त. हे ऐकून आई खरी हादरली. "चारला दिवेलागण? मग तुम्ही जेवता तरी कधी?"

24 तारखेला सुपरमार्केटात गेलो तर कर्फ्यू लागणार असल्यासारखी खरेदी चालली होती. एकच दिवस दुकानं बंद राहणार होती, पण माणसं महिनाभराचे बटाटे उचलत होती. ब्रसेल्स स्प्राउट्स नावाची इवली कोबीची पिल्लं, जी वर्षभर कुणी खात नाही आणि त्या दिवशी कुणी सोडत नाही, त्यांच्या शेवटच्या पिशवीवरून दोन सभ्य स्त्रिया एकमेकींना "तुम्ही घ्या", "नाही, तुम्हीच घ्या" असं इतक्या रागाने म्हणत होत्या की मी मध्ये पडणार होतो. दूध आणायला आम्ही गेलो होतो. दूध संपलं होतं.

तरी पंचविसाव्याच्या सकाळी चहा झाला, याचं श्रेय 2004 सालच्या एका कायद्याला. त्या कायद्याने नाताळच्या दिवशी 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायला मनाई आहे. लहान दुकानांना ती लागू नाही. हा कायदा गिरगावात आणला तर एकालाही शटर ओढावं लागणार नाही. आमच्या कोपऱ्यावरचं दुकान होतं एका गुजराती काकांचं. इदी अमीनने 1972 मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं तेव्हा ते पोरवयात कंपालाहून इथे आले. काका काउंटरमागे मफलर गुंडाळून एकटेच बसले होते. मी "मेरी ख्रिसमस" म्हणालो. "दूध पाछळ छे," ते म्हणाले.

मग आम्ही चालायला निघालो, कारण दुसरं काही निघतच नव्हतं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ 1932 सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. पण तिकडे जाणारी ट्यूब बंद आणि मंडळातली निम्मी माणसं दादरला. म्हणून उलट दिशेला, किलबर्न हाय रोडने सरळ खाली मेडा व्हेलकडे. चार पदरी रस्ता, आणि त्यावर आम्ही तिघे. मुलगा मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालत होता आणि त्याला ओरडायला एक टॅक्सीवालाही नव्हता. मला भायखळ्यापासून परळपर्यंत असा रिकामा रस्ता दिसला असता तर मी आधी पोलिसांना फोन केला असता.

गंमत अशी, की सण दिसत होता. घराघराच्या खिडकीत झाड, झाडावर दिवे, आणि पडदे मुद्दाम बाजूला सारलेले, म्हणजे रस्त्यावरच्याने बघावं. आत टेबलाभोवती माणसं, कुणीतरी हसतंय, कुणीतरी ताट पुढे करतंय, आणि काचेतून आवाज मात्र येत नाही. बायको एका खिडकीपाशी थांबली आणि म्हणाली, "मुखदर्शनाची रांग आहे ही." अगदी बरोबर. लालबागच्या राजाकडे दोन रांगा असतात, मुखदर्शनाची आणि नवसाची. नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहून शेवटी पायाला डोकं टेकता येतं. मुखदर्शनवाल्याने लांबून बघायचं आणि पुढे सरकायचं. परगावाहून आलेल्याला लंडनचा नाताळ मुखदर्शनाचा मिळतो. पुढे सरका, पुढे सरका, असं ओरडणारा कार्यकर्ता तेवढा नसतो; ते काम थंडी करते.

मेडा व्हेलच्या टोकाला, कालव्याच्या जवळ, हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथे दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे : लोकमान्य टिळक इथे 1918-1919 मध्ये राहिले. चिरोल खटल्यासाठी ते आले आणि फेब्रुवारी 1919 मध्ये तो हरले. मधला सगळा हिवाळा त्यांनी या शहरात काढला. मी पाटीकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकच विचार येत होता. घरातल्या मखरातला गणपती उचलून रस्त्यावर आणायचं श्रेय सगळं गिरगाव ज्यांना देतं, ज्यांच्या हाकेनंतर 1893 मध्ये आमच्याकडच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक उत्सव उभा राहिला, त्या माणसाला नाताळ काढावा लागला तो इथे, जिथे सगळा सण कडी लावून आत बसतो. इंग्रजांनी टिळकांना मंडालेला सहा वर्षं ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हा 25 डिसेंबर कुणी शिक्षेत धरलेला नाही.

"यांच्याकडे पण आज गाडी नव्हती का?" मुलाने विचारलं. मी म्हटलं, त्यांची चौकशी आपण मुंबईला गेल्यावर चौपाटीवर करू.

त्याच भागात, पण पलीकडे प्रिमरोज हिलच्या बाजूला, किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर आहे. परळच्या बीआयटी चाळीतून आलेले बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहून शिकले. महाराष्ट्र सरकारने ते घर 2015 मध्ये विकत घेतलं. 6 डिसेंबरला आम्ही तिथे जाऊन आलो होतो. फाटकाशी नागपूरचं एक जोडपं भेटलं, मग साताऱ्याचा एक विद्यार्थी, आणि अर्ध्या तासात सगळ्यांना सगळ्यांची गावं, पगार आणि घरभाडी कळली. अख्ख्या हिवाळ्यात रस्त्यावर उभं राहून बोलणं झालं ते तेवढंच.

म्हणजे पंचविसाव्याच्या दुपारी तीनपर्यंत.

तीन वाजता राजाचं भाषण असतं. ही प्रथाही 1932 सालची. पाचव्या जॉर्जने त्या नाताळला रेडिओवरून पहिलं भाषण केलं, आणि ते लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंगने. किपलिंग जन्मला आपल्या जे. जे. कला शाळेच्या आवारात, 30 डिसेंबर 1865 रोजी. त्याचे वडील तिथे शिकवत. म्हणजे राजाच्या तोंडचं पहिलं नाताळी वाक्य धोबी तलावच्या हद्दीतल्या माणसाचं. हे मी बायकोला समजावून सांगत होतो आणि ती स्वयंपाकघरात बोंबील भाजत होती. अमावास्या होऊन गेली होती, महिनाभराचा उपास होता, आणि टर्की आम्हाला कुणी विचारली नव्हती.

सुका बोंबील कसा भाजायचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. तवा चांगला तापू द्यायचा, डोकं-शेपटी छाटलेले तुकडे त्यावर पसरायचे, उलटत राहायचं. आधी काही होत नाही. मग कडा करपायला लागतात, तुकडे वळतात, आणि एक निळसर धूर सरळ वर जातो. चाळीत तो गॅलरीतून बाहेर पडतो आणि तिसऱ्या बिऱ्हाडातून कुणीतरी ओरडतं, "वहिनी, चार तुकडे इकडे!" किलबर्नमध्ये तो छतावरच्या एका पांढऱ्या चकतीत गेला. आणि त्या तुकडे पाडलेल्या घराला चकत्या अनेक असल्या तरी गजर सगळ्यांचा मिळून एक होता.

राजा नुकताच "माझ्या प्रजाजनांनो" अशा काहीतरी सुरात आला असेल, तेवढ्यात वरपासून खालपर्यंत घर कोकलायला लागलं. बायको टॉवेल फडकावतेय, मुलगा खिडक्या उघडतोय, मी खुर्चीवर चढून चकतीला समजावतोय. शेवटी नियमाप्रमाणे खाली उतरलो. फुटपाथवर सगळी इमारत गोळा झाली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कागदी मुकुट. तिकडे जेवणाच्या टेबलावर क्रॅकर नावाची एक नळी असते. दोघांनी दोन टोकं ओढायची, फट्‌ होतं आणि आतून मुकुट आणि एक भिकार विनोद निघतो. मुकुट उतरवायचं भान कुणाला नव्हतं. तळमजल्यावरचे आयरिश आजोबा, त्यांच्या समोरच्या बाई कुत्र्यासकट, वरच्या मजल्यावरच्या दोन पोर्तुगीज नर्सेस, गच्चीखालच्या खोलीतला घानाचा विद्यार्थी. तीन राजांचा अनुभव असलेला आमचा मुलगा एकटाच बोडका. तो धावत जाऊन शाळेतला मुकुट घेऊन आला.

तेव्हा लक्षात आलं, की ज्यांना जायला घर होतं ते आधीच निघून गेले होते. उरलेले सगळे आमच्यासारखेच मुखदर्शनवाले. सप्टेंबरपासून जिन्यात फक्त "हाय" झालेलं; आता गजर थांबेपर्यंत कुणाला आत जाता येईना, मग काय करणार, बोलायला लागले. नर्सेस रात्रपाळीला निघायच्या होत्या. घानाच्या पोराने नाक वर करून हवा हुंगली, म्हणाला, आमच्याकडे असाच वास येतो बाजारात. बायकोचा चेहरा उजळला. कुत्र्याचं मत त्याहून अनुकूल होतं.

आयरिश आजोबा साठच्या दशकात व्हिक्टोरिया लाइनचे बोगदे खणायला आलेले. एका खोलीत एकाच गावचे सहा-सात जण राहायचे, म्हणाले. आठवड्याचे पैसे घरी पाठवायचे आणि नाताळात यूस्टनहून गाडीने बंदरावर, तिथून बोटीने गावाला. हे ऐकताना बायको माझ्याकडे बघायला लागली. तिचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गाववाल्यांची खोली, खानावळीचा डबा, मनिऑर्डर, आणि भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट. आम्ही अख्खा हिवाळा किलबर्नमध्ये इंग्रज शोधत होतो आणि खालच्या मजल्यावर चाकरमानी राहत होता. आता गावाला का नाही जात, असं तिने विचारलं. आजोबा म्हणाले, "बोट तीच आहे, पण तिकडे उतरवून घ्यायला कुणी उरलं नाही." आणि मग लगेच, "त्या माशाचं पुढे काय करणार आहात?"

पुढे काय करायचं ते जिन्यातच झालं. कांदा-लसूण, मालवणी मसाला आणि भात. तुकडे पुरेनात म्हणून बायकोने दुसरी पिशवी फोडली. नर्सेसनी रेड वाइन आणली, बाईंनी मिन्स पाय, ज्यात नावाला खिमा आणि आत मनुका असतात. आईला व्हिडिओ कॉल लावला तर तिने कानटोपीतून सगळ्यांना निरखलं आणि विचारलं, "ही सगळी मुकुट घालून का जेवतायत? मुंज आहे का कुणाची?"

जानेवारीत सगळी झाडं फुटपाथवर येऊन पडली. महिनाभर ज्यांना दिवे लावले त्यांना कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उताणं टाकलेलं. ना मिरवणूक, ना ताशा. बायकोला ते काही बघवेना, पण त्यापेक्षा तातडीचं काम जिन्यात आलं होतं. घराची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटने भिंतीवर छापील सूचना चिकटवली होती. जिन्यात सायकली ठेवू नयेत. जिन्यात बसून खाऊ नये. तीव्र वासाचे पदार्थ शिजवताना इतर रहिवाशांचा विचार करावा. खाली 'आज्ञेवरून' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सूचनेखाली कुणीतरी पेनाने लिहिलेलं दिसलं, अक्षर थोडं थरथरतं, म्हातारं : 'आणि उकडलेल्या स्प्राउट्सचं काय?' त्याखाली वेगळ्या शाईत : 'सहमत. वरचा मजला.'

बायकोने दोन्ही ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पेन मागितलं.